राउटरचे वॅन कनेक्शन वारंवार तुटते: दोष नेमका कुठे आहे हे कसे शोधावे?

पहाटवारा (धागा सुरू करणारे)

गेले दोन महिने माझे इंटरनेट, म्हणजे राउटरचे बाहेरच्या जाळ्याशी असलेले (वॅन) कनेक्शन, दिवसातून दोन-चार वेळा तुटते आणि बहुतेक वेळा दोन ते पाच मिनिटांनी आपोआप परत येते. कधी कधी मात्र बराच वेळ थांबूनही येत नाही, तेव्हा मी राउटरचा प्लग काढून पुन्हा लावतो. हा प्रकार प्रामुख्याने संध्याकाळी सात ते अकराच्या दरम्यान होतो, पण दुपारीही झालेला आहे.

जोडणी एडीएसएल प्रकारची, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारी आहे. मॉडेम ब्रिज मोडमध्ये (म्हणजे तो फक्त डेटा पुढे देतो) ठेवला असून त्याच्या पुढे माझा स्वतःचा राउटर आहे, आणि पीपीपीओईचे (पुरवठादाराकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम व पासवर्ड त्या राउटरमध्येच भरलेले आहेत. सेवा पुरवठादाराकडे तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा लाइन तपासून ती ठीक असल्याचे कळवण्यात आले. मी राउटरचे फर्मवेअर अद्ययावत केले, फॅक्टरी रीसेट केला, डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधणारा सर्व्हर) बदलून पाहिला, तरी काहीही फरक पडला नाही. माझे काम घरून चालते आणि प्रत्येक वेळी चालू बैठकीतून बाहेर फेकले जाणे आता असह्य झाले आहे. नवा राउटर घेण्याआधी इथल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नोंदवही

नवा राउटर आत्ताच घेऊ नका. आणि एक कळकळीची विनंती: कनेक्शन तुटले की लगेच प्लग काढू नका.

यामागे दोन कारणे आहेत. बहुतेक घरगुती राउटर आपल्या नोंदी, म्हणजे लॉग, तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज गेली की त्या पुसल्या जातात, आणि जो पुरावा तुम्हाला हवा आहे तोच तुम्ही स्वतःच्या हाताने नष्ट करता. दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते. १९९९ साली आरएफसी २५१६ या तांत्रिक दस्तऐवजात मांडलेल्या पीपीपीओईमध्ये राउटर आणि पुरवठादाराचे यंत्र यांच्यात एक सत्र उघडलेले असते. राउटर रीतसर बंद झाला तर तो 'पीएडीटी' नावाचा निरोप पाठवून ते सत्र मिटवतो. प्लग उपटला तर तो निरोप जातच नाही. पलीकडचे यंत्र जुने सत्र जिवंत समजून धरून ठेवते, आणि एका ग्राहकाला एकच सत्र असा नियम तिथे असेल तर ते जुने सत्र कालबाह्य होईपर्यंत तुमचा नवा प्रयत्न नाकारला जातो. कधी कधी बराच वेळ थांबूनही कनेक्शन येत नाही असे तुम्ही लिहिले आहे. त्यातल्या काही वेळा तरी आधी केलेले बंद-चालूच त्याला कारणीभूत असण्याची शक्यता मला दाट वाटते.

आता पुढच्या आठवड्यात हे करावे. पहिली गोष्ट म्हणजे एक संगणक केबलने राउटरला जोडा, कारण वायफायमधून घेतलेले कोणतेही मोजमाप वॅनच्या दोषाबद्दल विश्वासार्ह काही सांगत नाही. त्या संगणकावरून एकाच वेळी तीन ठिकाणी सतत पिंग (उत्तर मागणारी छोटी पॅकेटे) चालू ठेवा: राउटरचा घरातला पत्ता, पुरवठादाराचा गेटवे (त्याच्या बाजूचे पहिले यंत्र) आणि बाहेरचा एखादा स्थिर पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८. पहिला चालू असताना दुसरा आणि तिसरा बंद पडला तर दोष राउटरच्या पुढे आहे. पहिले दोन चालू आणि फक्त तिसरा बंद असेल तर तो पुरवठादाराच्या जाळ्यात किंवा त्याही पलीकडे आहे. तिन्ही बंद पडले तर आधी राउटरकडे पाहावे. काही गेटवे पिंगला मुळातच उत्तर देत नाहीत. तसे असेल तर मार्गावरचा पुढचा जो पत्ता नियमित उत्तर देतो तो घ्या.

दुसरी गोष्ट, राउटरच्या नोंदी सिसलॉगद्वारे त्याच संगणकावर पाठवण्याची सोय बहुधा तुमच्या राउटरमध्ये असेल. ती चालू करा, म्हणजे राउटर बंद पडला तरी नोंदी शिल्लक राहतील. नोंदी वाचताना तारखांकडे विशेष लक्ष द्या. घरगुती राउटरमध्ये सहसा बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे सुरू झाल्यावर नेटवरून वेळ मिळेपर्यंत अनेक राउटर १ जानेवारी १९७० ही तारीख धरून चालतात. आजच्या नोंदींच्या मध्येच १९७० ची ओळ आढळली, तर त्या क्षणी राउटर स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. मग कनेक्शनचा विचार बाजूला ठेवून ॲडॉप्टर, प्लगचा सैलपणा आणि उष्णता यांकडे वळावे. जुना झालेला ॲडॉप्टर भार वाढताच पुरेसा दाब देऊ शकत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तीन अपटाइमांची तुलना. मॉडेमचे डीएसएल सिंक (टेलिफोनच्या तारेवरून पुरवठादाराशी झालेली जुळणी) किती वेळ टिकून आहे, राउटर किती वेळ चालू आहे आणि पीपीपी, म्हणजे पीपीपीओईचे, सत्र किती वेळ जिवंत आहे, हे तिन्ही आकडे कनेक्शन तुटून परत आल्यावर लगेच टिपून ठेवा. यांपैकी जो आकडा शून्यावर येऊन पुन्हा मोजायला लागला असेल, त्याच्या आसपास दोष आहे. मॉडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलला असलेली सवड) आणि सीआरसी त्रुटीही (बिघडून आलेल्या डेटाची मोजणी) दिसतील. त्या सकाळी आणि रात्री अशा दोन वेळा लिहून ठेवा.

शून्यएक

एवढ्या तपासण्या करण्याची खरोखर गरज आहे का, असा मला प्रश्न पडतो. माझेही कनेक्शन रोज एकदा तुटत असे. राउटरमध्ये पहाटे चार वाजता आपोआप रीस्टार्ट होण्याची वेळ लावली, आणि गेले सात-आठ महिने मला काहीही त्रास नाही. माझ्याकडे पीपीपीओई नाही. केबल मॉडेममधून डीएचसीपीने, म्हणजे पत्ता आपोआप देणाऱ्या पद्धतीने, पत्ता मिळतो.

नोंदवही

शून्यएक, तुमच्या अनुभवाबद्दल शंका नाही, पण रोज एकदाच आणि ठरावीक अंतराने तुटणारे कनेक्शन हे फार बोलके लक्षण आहे. डीएचसीपीमध्ये पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो. ती मुदत अर्धी सरली की राउटर थेट त्या सर्व्हरलाच नूतनीकरणाची विनंती करतो, ८७.५ टक्के सरली आणि तोवर उत्तर आले नाही, तर तीच विनंती सर्वांना उद्देशून पुकारतो. तरीही उत्तर नसेल तर मुदत संपताच पत्ता सोडून देतो. तुमची मुदत २४ तासांची असेल तर हे टप्पे १२ तास, २१ तास आणि २४ तास असे येतात. रोज पहाटे राउटर नव्याने सुरू झाला तर चोविसावा तास कधी उजाडतच नाही. दोष तसाच राहतो, तो फक्त तुम्हाला भेटत नाही.

एकदा रीस्टार्टची वेळ काढून टाका आणि डीएचसीपीच्या नोंदी इथे द्या. तुमच्या राउटरमध्ये तुम्ही स्वतः लिहिलेले काही फायरवॉल नियम आहेत का, हेही सांगा.

तंतू

धाग्याचा विषय जवळचा असल्याने माझी अडचण इथेच मांडतो. माझ्याकडे फायबर आहे आणि कनेक्शन तुटत नाही. पिंगही अखंड चालते. पण काही संकेतस्थळे अर्धवट उघडून थांबतात, मोठ्या जोडण्या असलेली ईमेल जात नाहीत, आणि ऑफिसचे व्हीपीएन लागते पण त्यातून फाइल उघडत नाही. कंपनीने दिलेला राउटर काढून मी माझा बसवल्यापासून हे सुरू झाले. ओएनटीवर (फायबर जिथे जोडले जाते त्या घरातल्या यंत्रावर) प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम दिसते. फायबरचा कनेक्टर काढून पुसावा का?

नोंदवही

कनेक्टरला हात लावू नका. जीपॉन या फायबरच्या पद्धतीच्या प्रचलित बी प्लस वर्गात ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएमपर्यंतची पातळी चालते, त्यामुळे उणे २१ हा उत्तम आकडा आहे. शिवाय फायबरच्या टोकात कधीही डोळा लावून पाहू नये. त्यातला १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

तुमची लक्षणे एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराची, आहेत. तुमचे कनेक्शन पीपीपीओईचे असेल तर त्याचे शीर्षक प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट घेते आणि १५०० ऐवजी १४९२ बाइटच उरतात. पिंगची पॅकेटे छोटी असतात, म्हणून ती बिनबोभाट जातात. मोठी पॅकेटे अडतात. खरे तर अडवणाऱ्या यंत्राने 'पॅकेट लहान करा' असा आयसीएमपी (पिंग आणि अडचणींचे निरोप ज्यातून जातात ती पद्धत) निरोप परत पाठवायचा असतो, पण वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने सरसकट सगळे आयसीएमपी बंद केलेले असेल, तर तो निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचत नाही आणि तो तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

तुकडे करण्यास मनाई करणारा पर्याय लावून १४६४ बाइटांचे पिंग करून पाहा. त्यात २८ बाइटांची शीर्षके मिळवली की बरोबर १४९२ होतात. १४६४ जाते आणि १४६५ जात नाही असे दिसले, तर राउटरमध्ये वॅनचा एमटीयू १४९२ ठेवा आणि एमएसएस क्लॅम्पिंग चालू करा, म्हणजे टीसीपीचा तुकडा आपोआप १४५२ बाइटांवर मर्यादित होईल. जुन्या राउटरमध्ये हे आधीच केलेले असावे, म्हणून तेव्हा अडचण जाणवली नाही.

तंतू

१४६४ गेले, १४६५ गेले नाही. एमएसएस क्लॅम्पिंगची खूण खरोखरच बंद होती. ती चालू करताच संकेतस्थळे आणि ईमेल सुरळीत झाले. व्हीपीएनसाठी मात्र त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये एमटीयू १४०० करावा लागला. मनापासून आभार.

पहाटवारा

सहा दिवसांच्या नोंदी घेऊन परत आलो आहे. या काळात एकदाही प्लग काढला नाही, आणि आश्चर्य म्हणजे प्रत्येक वेळी कनेक्शन पाच मिनिटांच्या आत परत आले.

एकूण १७ वेळा कनेक्शन तुटले. राउटरच्या नोंदींमध्ये १९७० कुठेही नाही आणि त्याचा अपटाइम अखंड आहे. मॉडेमचे डीएसएल सिंक ११ दिवसांपासून टिकून आहे. एसएनआर मार्जिन सकाळी ११ आणि रात्री ८ डेसिबल असते. म्हणजे लाइन ठीक आहे हे पुरवठादाराचे म्हणणे खरे होते, आणि मी त्यांच्यावर विनाकारण रागावलो होतो, हे इथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

१७ पैकी ५ वेळा राउटरच्या नोंदीत वॅन पोर्टची लिंक गेली आणि काही सेकंदांत परत आली, असे लिहिले आहे. उरलेल्या १२ वेळा लिंक जागेवरच होती. फक्त 'एलसीपी एकोला उत्तर नाही, सत्र बंद करत आहे' अशी ओळ आहे. या बाराच्या बारा घटना संध्याकाळच्या आहेत, आणि त्या प्रत्येकीच्या आधी अर्धा-एक मिनिट गेटवेचे पिंग ४० मिलिसेकंदांवरून २००० आणि पुढे ३००० मिलिसेकंदांच्या वर गेलेले दिसते.

नोंदवही

इतक्या नीटनेटक्या नोंदी क्वचितच पाहायला मिळतात. तुमच्याकडे दोन स्वतंत्र दोष आहेत, आणि दोन महिने कशाचाच उपयोग होत नाही असे वाटण्याचे कारणही हेच असावे, कारण एक बरा झाला असता तरी दुसऱ्यामुळे तो सुधार तुमच्या लक्षात आला नसता.

पहिल्या पाच घटना सोप्या आहेत. डीएसएल सिंक टिकून असताना राउटरच्या वॅन पोर्टची लिंक जाते, याचा अर्थ मॉडेम आणि राउटर यांच्यामधली छोटी केबल किंवा तिची दोन टोके यांत दोष आहे. केबल बदला आणि दोन्ही बाजूंना तिची क्लिप खट्कन बसते का ते पाहा. इतर वाचकांसाठी सांगतो, की गिगाबिट पोर्ट असूनही लिंक १०० एमबीपीएसवर जुळत असेल तर तीही केबल संशयास्पद समजावी, कारण गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच पुरतात.

उरलेल्या बारा घटनांकडे मात्र थोडे थांबून पाहायला हवे. एलसीपी एको ही सत्र जिवंत आहे का हे पाहण्यासाठी राउटरने मारलेली हाक असते. ठरावीक संख्येने हाकांना उत्तर आले नाही की राउटर स्वतःच सत्र बंद करतो. इथे कनेक्शन तुटत नाही, तुमचा राउटर ते तोडतो. त्याला उत्तर वेळेवर का मिळत नाही, हे तुमच्या पिंगच्या आकड्यांतच आहे. तुमचा अपलोडचा सिंक दर किती आहे, एको किती सेकंदांनी जातो, किती हुकले की सत्र बंद होते, आणि संध्याकाळी घरात कोणते उपकरण अपलोड सुरू करते, एवढे सांगा.

पहाटवारा

अपलोडचा सिंक दर १०२० केबीपीएस आहे. एको दर १ सेकंदाला जातो आणि ३ हुकले की सत्र बंद होते. हे आकडे मी कधीही बदललेले नाहीत. अपलोडचा विचार मी केलाच नव्हता. संध्याकाळी घरातले सगळे परतले की तीन फोन वायफायला जोडले जातात आणि दिवसभरातले फोटो व व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढू लागतात.

नोंदवही

मग साखळी पूर्ण झाली. समजा तुमच्या मॉडेममध्ये २५६ पॅकेटे मावतील एवढी रांग आहे. १५०० बाइटांची २५६ पॅकेटे म्हणजे सुमारे ३० लाख ७० हजार बिट. एक एमबीपीएसच्या वाटेने ती बाहेर पडायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. फोन ही रांग काठोकाठ भरून ठेवतात, राउटरची हाक त्या रांगेच्या शेवटी उभी राहते, आणि ती बाहेर पडून उत्तर येईपर्यंत राउटरचा तीन सेकंदांचा धीर संपलेला असतो. सत्र मिटवण्याचा पीएडीटी निरोपही त्याच भरलेल्या रांगेत अडकतो किंवा गळून पडतो, म्हणून पलीकडे जुने सत्र रेंगाळते आणि नवे उघडायला काही मिनिटे जातात. अवाजवी मोठ्या रांगांमुळे होणाऱ्या या विलंबाला बफरब्लोट म्हणतात. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी हा शब्द रूढ केला.

उपाय दोन्ही बाजूंनी करावा. एको दर १० सेकंदांनी आणि ५ हुकल्यावर सत्र बंद, असे करा. लाइन खरोखर गेली तर राउटरला ते कळायला पन्नासएक सेकंद लागतील, पण घरगुती जोडणीला तेवढे चालते. मात्र एवढ्यावर थांबलात तर सत्र टिकेल आणि बैठकीतला आवाज तरीही तुटेल, कारण रांग तशीच असेल. म्हणून राउटरमध्ये एसक्यूएम (रांगांचे नियोजन करणारी सोय) चालू करून अपलोडची मर्यादा ८५० केबीपीएस ठेवा. मर्यादा मुद्दाम सिंक दरापेक्षा कमी ठेवायची, म्हणजे रांग मॉडेममध्ये न साठता राउटरमध्ये साठते, आणि राउटरला ती शहाणपणाने हाताळता येते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली मांडलेली कोडेल ही पद्धत आणि तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल यासाठीच आहे. एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, त्यामुळे एका फोनचा व्हिडिओ दुसऱ्याच्या बैठकीपुढे आडवा येत नाही.

एडीएसएलवर सहसा डेटा ५३ बाइटांच्या एटीएम सेलमधून (ठरावीक आकाराच्या छोट्या तुकड्यांतून) जातो आणि त्यांतले ४८ बाइटच कामाचे असतात; ४० बाइटांची छोटी पोचपावतीही दोन सेल, म्हणजे १०६ बाइट व्यापते. राउटरमध्ये लिंक लेयरचा प्रकार एटीएम निवडण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरा. त्याशिवाय लावलेली मर्यादा छोट्या पॅकेटांच्या गर्दीत चुकीची ठरते.

दुहेरी_वाट

माझ्याकडे दोन कनेक्शन एकाच राउटरला जोडलेली आहेत आणि राउटर दिवसातून दहा-बारा वेळा विनाकारण पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. हे वाचल्यावर वाटते, की माझ्याही बाबतीत राउटरच चुकीचा निष्कर्ष काढत असेल. तो दर ३ सेकंदांनी एकाच बाहेरच्या पत्त्याला पिंग करतो आणि २ हुकले की उडी मारतो.

नोंदवही

तसेच असावे. एका पत्त्याच्या मौनावरून संपूर्ण कनेक्शन गेले असे मानणे धोक्याचे आहे, कारण अनेक यंत्रे आयसीएमपीला ठरावीक प्रमाणातच उत्तर देतात. वेगवेगळ्या ठिकाणचे तीन पत्ते द्या, तिन्ही सलग पाच वेळा गप्प राहिले तरच उडी मारायची असे ठरवा, आणि मूळ कनेक्शनवर परतण्यापूर्वी ते निदान मिनिटभर स्थिर असण्याची अट घाला. ट्रेसराउटमध्ये (वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या चाचणीत) मधल्याच एखाद्या टप्प्यावर ४० टक्के पॅकेटे हरवलेली दिसतात आणि पुढचे सगळे टप्पे स्वच्छ असतात, तेव्हाही बहुधा हेच घडत असते. त्या टप्प्याच्या आधारे तक्रार करू नये. हानी तिथून सुरू होऊन शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकून राहिली तरच तिला अर्थ आहे.

शून्यएक

मी रीस्टार्टची वेळ काढून टाकली होती. अंदाज तंतोतंत खरा निघाला: बाराव्या तासाला नूतनीकरणाची विनंती, उत्तर नाही, एकविसाव्या तासाला पुन्हा, उत्तर नाही, चोविसाव्या तासाला पत्ता गेला आणि नव्याने मिळाला. फायरवॉलमध्ये मी वॅनकडून येणारे सगळे खाजगी पत्ते अडवण्याचा नियम लिहिला होता, आणि पुरवठादाराचा डीएचसीपी सर्व्हर १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर आहे. हा नियम असताना पहिल्यांदा पत्ता कसा मिळत होता, हे मात्र मला कळलेले नाही.

नोंदवही

पत्ता हातात नसताना डीएचसीपी क्लायंट बहुधा कच्च्या सॉकेटवरून ऐकतो, आणि तिथे पॅकेट फायरवॉलच्या आधीच त्याला मिळते. नूतनीकरणाच्या वेळी तो नेहमीच्या वाटेने ऐकतो, आणि तिथे तुमचा नियम आडवा येतो. यूडीपीच्या ६८ क्रमांकाच्या पोर्टवर येणाऱ्या उत्तरांना परवानगी देणारा नियम त्याच्या वर ठेवा.

शून्यएक

तसा नियम लावला. बाराव्या तासाला पहिल्याच विनंतीला उत्तर आले.

पहाटवारा

तीन आठवड्यांनंतरची स्थिती कळवतो. जुन्या केबलची राउटरकडच्या टोकाची क्लिप मोडलेली होती आणि टेबल हलले की ती सैल होत होती. नवी केबल लावल्यापासून लिंक एकदाही गेलेली नाही. एको १० आणि ५ वर ठेवला, एसक्यूएममध्ये अपलोड ८५० केबीपीएस केले आणि एटीएमचा पर्याय निवडला. तिन्ही फोन एकाच वेळी फोटो चढवत असताना गेटवेचे पिंग आता ४५ ते ७० मिलिसेकंदांच्या मध्ये राहते आणि बैठकीत आवाज तुटत नाही. फोटो चढायला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, पण ते रात्रीत पूर्ण होतात.

या काळात सत्र फक्त एकदा, पहाटे चार वाजून बारा मिनिटांनी बंद झाले. त्या वेळी एलसीपी एकोची तक्रार नोंदीत नाही. पलीकडूनच सत्र संपवण्याची विनंती आली होती आणि ४० सेकंदांत नवे सत्र उघडले.

नोंदवही

ती पुरवठादाराच्या बाजूने रीतसर झालेली समाप्ती आहे आणि त्यात तुमच्या राउटरने काहीही चुकीचे केलेले नाही. सिसलॉग चालूच ठेवा.